पोच

कर्ज फिटलं त्या दिवशी चोपड्याच्या बाजारात
अर्धा किलो जिलेबी घेतली,
आणि एक रिकामी पिशवी नेली बँकेत,
घराचे कागद आणायला.

काचेमागचा पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला,
"फाईल ट्रेस होत आहे, मावशी."

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
एकतीस वर्षं नगरपालिकेत आवक-जावक सांभाळली मी.
'सापडत नाही'ला असले सदरे मीच शिवलेत:
साहेब दौऱ्यावर आहेत,
टेबलावर आहे,
मंगळवारी या.

मधल्या काळात बँकेनं आडनाव बदललं.
नव्या सासरी जाताना आमच्या फायली
टेम्पोत घालून नाशिककडच्या कुठल्याशा गोदामात धाडल्या.
पंधरा वर्षांत एक हप्ता चुकला नाही माझा.
चुकलं ते खरेदीखत.

शेजारची सुपडाबाई म्हणते,
"घर ते आठेच शे ना वं, मंग कागद कसाले जोयजेत?"
खरंय. भिंत आठेच शे.
पण भिंतीला सही करता येत नाही.

म्हणून सांगते, ज्यांचं घर दुसऱ्याच्या कपाटात आहे त्यांना:
तोंडी बोलू नका, तोंडावर शिक्का बसत नाही.
अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर पोच,
तारीख, आणि घेणाऱ्याचं नाव वाचता येईल असं.
नुसतं कोंबडं काढलं तर हलू नका खिडकीतून.
मग 'हरवले' हा शब्द
त्यांच्याच कागदावर त्यांच्याकडून उतरवून घ्या.
सहज येत नाही तो,
किडक्या दाढेसारखा रोज थोडा हलवावा लागतो.
आणि 'कागद हरवले' एवढंच लिहिलं
तर म्हणा, कागदांना पाय नव्हते साहेब,
'आमच्याकडून' घाला.
मला त्या एका शब्दाला सात आठवडे लागले.

पोलिसात त्यांनी जावं.
पेपरातल्या जाहिरातीचे पैसे त्यांनी भरावेत.
मी भर वैशाखात, डोक्याला ओला टॉवेल बांधून,
दुय्यम निबंधकाच्या दारात बसले नकलेसाठी.

नक्कल आली. सगळं आहे तिच्यात.
पूर्वेस गल्ली, पश्चिमेस भिकन बारींचं घर,
उत्तरेस लिंब (तो तोडला केव्हाच),
हिरामणची सहीसुद्धा, शेपूट लांबवलेली.
नाही तो फक्त तिसऱ्या पानावरचा डाग.
केळीच्या गाड्या भरून तसाच आला होता तो सही करायला,
बोटांना चीक.
चीक लागला की कपडा फाटतो, डाग जात नाही.
हा गेला.

बँक म्हणते, पुढे काही अडलं तर जबाबदारी आमची,
स्टॅम्पपेपरवर देतो लिहून.
घेतलं लिहून. डागाचं विचारलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा सुभान तडवी आठवला.
सातपुड्याच्या पायथ्याहून यायचा,
पोरीच्या जन्माच्या नोंदीसाठी, फडक्यात भाकर बांधून.
चार मंगळवार मी त्याला 'टेबलावर आहे' म्हटलं.
पाचव्या मंगळवारी तो आला नाही.
पावसाळ्यानंतर कपाट हलवलं तेव्हा
डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी सापडली,
आठ पदरी, माझ्याच हातची.
वर त्याचा अंगठा.
पोच मी दिली नव्हती.
त्यानं मागितली नव्हती,
मागायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि सांगायला तिथे मीच होते.

परवा शेवटची सही घ्यायला बँकेत गेले.
पोरगा उठून उभा राहिला, पाणी दिलं,
"सॉरी मावशी, सगळीकडे शोधलं."

मी म्हटलं, बाळा,
कपाटाच्या पायाखाली पाहिलंस?

तो हसला.
मी पोच घेतली, घडी न घालता पिशवीत ठेवली.