सात काड्या

मत्रहच्या गल्लीत दादकरीम शिंप्याच्या दुकानावर
मधुमालती चढली होती तीन मजले,
गच्चीवरच्या डिश अँटेनाला दोन वेढे घालून थांबलेली.
इमारतीवर बलदियाची लाल फुली पडली
त्या गुरुवारी मी कात्री मागितली.
कापडाची त्याने दिली नाही.
"हिची धार जाईल," म्हणाला,
आणि आतून मासे साफ करायची सुरी आणली.

कोवळा शेंडा घ्यायचा नाही, जून खोडही नाही.
पेन्सिलीएवढी काडी, तीन पेरं.
खालचा काप पेराच्या लगोलग खाली, तिरपा.
वरचा सरळ.
नाहीतर घरी येईतो विसरायला होतं
वर कुठलं आणि खाली कुठलं;
उलटी लावलेली काडी आठवडाभर
हिरवी राहते नुसती, भिडेखातर.

ओल्या फडक्यात गुंडाळून
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले रुवीपर्यंत.
शेजारच्या बाईने विचारलं, मासळी का?

लबानच्या बाटल्या कापल्या, बुडाला भोकं पाडली.
वाळू इथे फुकट, पण खारी;
तांदळासारखी चार पाण्यांनी धुतली.
नळाचं पाणी समुद्राचंच, गोड करून पाठवलेलं,
त्याच्यावर माझा भरवसा नाही.
एसीच्या नळीखालची बादली मात्र रात्रीत भरते.
आमच्या श्वासांचं, घामाचं, भाताच्या वाफेचं पाणी.
त्यात मीठ नसतं.
ते घातलं.

पहिली काडी तिसऱ्या दिवशी काळी पडली.
दोन बुरशीने गेल्या.
एक वरच्या मारिविकच्या मांजराने उपटली, खेळायला.
पाचवीला पानं फुटली, दोन, लुसलुशीत,
मी फोटो काढून दादकरीमला पाठवला
आणि परवा ती मान टाकून बसली.
पोटातलं सगळं पानांवर उधळलेलं,
खाली एक तंतू नाही.
तेव्हापासून मी पानांना भुलत नाही.

दादकरीम आता बरकाला, मुलाकडे.
फोनवर विचारतो, मशीन गंजतंय, वेल कशी आहे?
ही लावली कुणी होती, मी विचारलं एकदा.
म्हणाला, दुकान घेतलं तेव्हा होतीच.
भिंतीबरोबर आली, भिंतीच्याच भाड्यात.

माझं कंत्राट मार्चला संपतं.
त्याचा इथे काही संबंध नाही.

काल, चाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी
खालच्या मशिदीतली गर्दी पांगत असताना
उरलेल्या दोघींना एकेक करून
दोन बोटांत धरून हलकेच वर ओढलं.
असं करू नये, मला माहीत आहे.
सहावी सहज हातात आली,
सुरीचा तिरपा काप अजून तसाच, स्वच्छ.

सातवी आली नाही.
आतून कुणीतरी
धरून ठेवलं होतं.