दाढ

आमच्या दवाखान्यात खुर्ची एकच.
डाव्या हाताचं रेक्झिन फाटलंय,
तिथे मी दर सोमवारी पांढरी चिकटपट्टी लावते
आणि शनिवारपर्यंत ती
कुणाच्या तरी नखांनी निघालेली असते.

एकोणीस वर्षं झाली. मी आया.
ट्रे धुते, कापसाचे बोळे करते, नावं पुकारते.
मानखुर्दच्या या सात मजली इमारतींतली
निम्मी तोंडं मला आतून ठाऊक.
बाजारात कुणी भेटलं की
आधी दाढ आठवते, मग नाव.

केसपेपर नऊ ते साडेअकरा.
नऊ ते साडेअकरा कमळजा ठोंबरे
चेंबूरला चौथ्या घरची भांडी घासत असते,
इस्माईल नाक्यावर उभा असतो थापी घेऊन,
कुणी नेईल का बघत.
खाडा म्हणजे पगारातून कट.
मग येतात कधी?
गाल सुजून डोळा मिटला की.
तोवर लवंग, तोवर मिश्री,
तोवर मेडिकलवाल्याची लाल-पिवळी गोळी,
तोवर दुखऱ्या बाजूला तंबाखूची चिमूट.
दुखणं जातं. चिमूट राहते.

चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात.
आमच्याकडे चणे दहा रुपयाला पुडी,
नाक्यावर कधीही मिळतात.

"आता काढावीच लागेल."
काढतात. ट्रेमध्ये आवाज होतो,
टण्.
हसण्यालाही आपण दात काढणंच म्हणतो ना?
कमळजाचे पुढचे तीन काढले त्या वर्षापासून
ती दात काढत नाही.
हळदीकुंकवाला सगळ्या खिदळतात
आणि हिचा पदर ओठांवर.

मागच्या मार्गशीर्षात ठोंबऱ्यांचा मंथन आला.
नऊ वर्षांचा. आजीनं आणलेला, आईला सुट्टी नव्हती.
रडला नाही. कापूस दाताखाली धरून
मुठीतली दाढ मला दाखवली आणि बोबडं विचारलं,
"मावशी, ही कुठे टाकू?
आजी म्हणते कौलावर टाकायची, उंदीर नवीन देतो.
आमच्याकडे वर स्लॅब आहे."

ती दुधाची नव्हती.
सहाव्या वर्षी आलेली, जन्माला पुरायची दाढ.
डॉक्टर निखत हात धूत होत्या.
नळ बंद करायला विसरल्या.
मी म्हटलं, दे इकडे, मी टाकते.
अजून माझ्या डब्यात आहे,
सुईदोऱ्याशेजारी.

त्यानंतर अर्ज. एक, दोन, तीन.
संध्याकाळी सात ते नऊ दवाखाना चालू ठेवावा.
वरून प्रश्न आले: वीजबिल कोण देणार,
वॉचमन कोण, कुलूप कोण उघडणार.
आणि एकदा, लोक येतील याची खात्री काय?
मी चावी टेबलावर ठेवली.
बाईंनी चौथा अर्ज लिहिला, त्यात वीजबिलाची रक्कमही.

पहिल्या दिवशी सातला कुणी नाही.
सव्वासातला एक कुत्रा.
मग इस्माईल, भुवयांवर सिमेंट.
मग कोळंबी सोलणाऱ्या दोघी, हात पुन्हापुन्हा धुणाऱ्या,
मग कमळजा, मंथनच्या धाकट्या बहिणीला घेऊन.
दुखत काहीच नव्हतं तिचं.
"नुसतं बघा," कमळजा म्हणाली, "वेळेत बघा."
एक बारीक काळा ठिपका होता.
बाईंनी कोरला, भरला. दहा मिनिटं.
पोरगी आरशात बघून विचारते, कुठाय?

अकरा जण झाले त्या रात्री.
ट्रे एकदाही वाजला नाही.
मी तरी धुतला. सवय.

पावणेदहाला दिवे मालवायला निघाले
तर बाई म्हणाल्या, "मावशी, बसा."
कशाला, म्हटलं, मला काही झालेलं नाही.
"आठ वर्षं उजव्या बाजूनंच जेवताय तुम्ही.
मी बघते रोज डबा खाताना."

बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
तो दिवा खालून पाहिला. केवढा मोठा असतो.
आणि सोमवारी मीच लावलेली पट्टी
माझ्याच नखांनी निघाली.