माया

शिवणीच्या आत जे कापड सोडतात
त्याला आम्ही माया म्हणतो.
अर्धा इंच, पाऊण इंच.
बाई सुटली, बाळंत झाली,
की उसवायचं आणि आतली माया बाहेर द्यायची.
एकतीस वर्षं, भांडुपच्या गाळा नंबर नऊमध्ये,
मायेशिवाय एक ब्लाउज शिवला नाही मी.

आणि स्वतःच्या पापण्या मात्र
लोखंडवालात एका काचेच्या दारामागे
दिवाळीच्या सवलतीत, भिशीचे सगळे पैसे मोजून
कापायला दिल्या.
चिमटीत कातडी धरली, निळ्या पेनाने रेघ मारली.
मला खडू आठवला. बरंच वाटलं.

कारण ऐकून हसाल.
रोज एक तरी गिऱ्हाईक म्हणायचं,
काय यामिनीताई, झोप झाली नाही का?
झालेली असायची.
रडलात का?
नव्हते रडले.
पापण्याच उतरल्या होत्या डोळ्यांवर,
पाणी साचलेल्या ताडपत्रीसारख्या.

टाके निघाले. आरशात एक बाई,
कुणी मागून भॉ केल्यासारखी.
आता गिऱ्हाईक विचारू लागलं,
काय झालं? घाबरलात का?

रात्री उजवा डोळा मिटेना.
दोन मिलिमीटरची फट.
पंख्याचा वारा तिच्यातून आत,
सकाळी डोळ्यात वाळू.
ह्यांनी कूस बदलली ती भिंतीकडे.
"तू बघत असतेस गं रात्रभर."
मी घोरत असायचे.

काचेच्या दारामागचे म्हणाले, सूज आहे, जाईल.
मग म्हणाले, तुमची त्वचाच तशी.
मग फोनवर नुसती सतार वाजायची.

दादर पारसी कॉलनी, तळमजला.
डॉक्टर तेहमिना, सत्तरीच्या,
हातात शाळेतली असते तसली पट्टी.
मिट. उघड. वर बघ. परत मिट.
दहा वेळा माप घेतलं,
तेव्हाच मी निम्मी बरी झाले.
"जास्ती कापलाय, दीकरी.
आतमंदी काय ठेवलाच नाय."
मी म्हटलं, माया.
"काय?"
माया ठेवली नाही.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे नसावं.

आता लगेच हात नाय लावायचा, म्हणाल्या,
सहा महिना थांबायचा.
कोऱ्या कापडाला पाणी दाखवल्याशिवाय
कात्री लावू नये, हे मला कोण सांगणार.
थांबले.
दिवसातून आठ वेळा थेंब,
बोटाने पापणी खाली ओढून मोजून दहा,
रात्री मलम आणि वरून चिकटपट्टी.
पट्टी हे लावायचे.
ज्या माणसाने जन्मात सुईत दोरा ओवला नाही
तो कडेला कड जुळवून लावायचा,
श्वास धरून.

मग कानामागची कातडी काढून
पापणीत भरली.
तिथली पातळ असते, म्हणे, आणि मऊ.
छप्पन्न वर्षं कानामागेच टाकली होती मी तिला.
कानामागून आली,
पण तिखट नाही झाली बिचारी.
सांगितलं तिथे निमूट बसली.

जोड दिसतो. वाण जरा उजळ.
मी जोड देते तो काखेत देते,
हात खाली असला की कळत नाही.
हा तर भर चेहऱ्यावर.
दोन्ही डोळे एकसारखे नाहीत,
व्हायचेही नाहीत, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.
मिटतात.

परवा डिचोलकर बाई काउंटरवर वाकून म्हणाल्या,
झोप झाली नाही का हो?
झाली, म्हटलं. पुरी झाली.
आणि त्यांच्या ब्लाउजला,
त्या नको नको, जाड दिसेल म्हणत असताना,
दोन्ही बाजूंनी एकेक इंच
आत सोडलं.