काज

रविवारी मिस्सेनंतर बँड क्लबात, ट्रॉम्बोनच्या खोक्यांमागे
आमचं टेबल. चहा काचेच्या पेल्यात,
पास्तिझ्झीचा चुरा प्रत्येकाच्या मिशीत,
आणि मध्ये फोटो.

कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या मयत काकाचे.
अर्धं चाक, पाव टाकी, एखाद्या दिव्याची कड.
आम्ही सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं.
लिपू नुसत्या नटावरून साल सांगतो.
नेनूनं एकदा गवतावर पडलेल्या सावलीवरून
साइडकार ओळखली, आणि वर्षभर
दुसरं काही बोललाच नाही.

त्या दिवशी कॉन्सिल्या आली. झेय्तूनची शिंपीण,
साठीची, टाचण्या धरल्यासारखे ओठ मिटलेले.
घरचा फोटो अंगठ्याएवढा होता,
विस्तिननं तो टेबलाएवढा करून आणला.
चुनखडीची भिंत, फड्या निवडुंग,
गाडीवर बाप तिचा, खाणीत दगड कापणारा.
तिच्या सातव्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला
तो गेलाच.
"गाडी कुठली, तेवढं सांगा," म्हणाली.

आणि आम्ही सुटलो.
फोर्क गर्डरचा. टाकीला गुडघ्यांची रबरं.
इथवर एकमत.
पण सायलेन्सर डावीकडं! किकही डावीकडं!
लिपू म्हणाला, बेल्जियन.
नेनू म्हणाला, छे, बेल्जियन असती
तर टाकीचं पोट असं सुटलं नसतं.
चेन्सू, ब्याऐंशीचा, गोदीतला जुना फिटर,
भिंग डोळ्याला लावून बराच वेळ गप्प,
मग हळूच म्हणाला, ही कारखान्यातली नव्हेच.
ही कुणीतरी एकट्यानं केलीय. जगात एकच.
सणाला संताची मूर्ती चर्चच्या दारातून
वाकवून बाहेर काढताना चौकात जशी शांतता पसरते
तशी पसरली.

कॉन्सिल्या गाडीकडं बघतच नव्हती.
तिचं बोट बापाच्या छातीवर.
"सदरा आईनं शिवलाय," ती म्हणाली,
"आणि काजं उजव्या पट्टीवर?
मेली असती, पण बाप्याला बायकी सदरा
शिवला नसता तिनं."

काउंटरमागे आरसा आहे, बिअरच्या जाहिरातीचा,
कोपऱ्यात पारा उडालेला.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
आम्हा पाच जाणकारांना लागला.
फोटो त्याच्यासमोर धरला
तशी किक उजवीकडं आली, सायलेन्सर उजवीकडं आला,
आणि मुकाट उभी राहिली
बी.एस.ए., लष्करी, साइड व्हॉल्व्ह,
लढाईनंतर लिलावात ढिगानं निघालेली.
लिपूच्या बापानं तसलीच एक
दोन शेळ्यांच्या बदल्यात दिली होती
आणि पुढं जन्मभर शेळीवाल्याला टाळलं होतं.
नेनूनं आणखी चहा मागवला.

ती मात्र आरशासमोरून हलेना.
भुवईवरचा छिन्नीचा व्रण
उजवीकडून डावीकडं आला होता.
"डाव्या कडेवर घ्यायचा मला," ती म्हणाली,
"ह्या खड्ड्यात मी अंगठा ठेवायची.
फोटोत खड्डा पलीकडच्या बाजूला.
म्हटलं, लहान होते, चुकीचं आठवत असेल.
पन्नास वर्षं फोटोचं ऐकलं मी,
अंगठ्याचं नाही."

कात्रीनं घट्टा पडलेला तो अंगठा
तिनं काचेवर टेकवला.
विस्तिननं पुढचा फोटो काढून ठेवला,
कुणी पाहिला नाही.

पुढच्या रविवारी चेन्सू वही घेऊन आला.
पेन्सिलीनं गाडी काढलेली, मापांसकट,
सायलेन्सर डावीकडं, किक डावीकडं,
साखळीचे दात सुद्धा मोजून.
"नव्हती म्हणता," तो म्हणाला,
"पण चालली असती."