एका पंखाचा चतुर

मात्सुमोतोचे इसोमुरा, घड्याळं दुरुस्त करून निवृत्त,
अख्खं शिरस्त्राण घेत नाहीत. जागा कुठंय?
फक्त कपाळावरची चिन्हं :
चंद्रकोर, सशाचे कान,
एक वांगं, कुणाचं कोण जाणे.

आज दुकानात चतुर.
वर्ख उडालेला, पंख एकच.
"मोडका आहे, निम्म्यात न्या," ओतोवाबाई म्हणाल्या.

इसोमुरांनी डोळ्याला भिंग लावलं.
मुद्दाम हलक्या लाकडाचा करायचे,
घाव बसला तर हा तुटावा, मान नको.
चतुर मागे उडत नाही म्हणे.
नावाचाच चतुर.

तुटलेली कड अजून बोटाला खरखरीत.
म्हणजे त्या संध्याकाळी कुणीतरी
मान सलामत घेऊन घरी गेला असेल,
भात मागितला असेल.

त्यांनी पूर्ण पैसे मोजले.
बायकोला मात्र निम्मेच सांगितले.