सातवी पट्टी

लोमेश बगमारे आला तेव्हा मी
नायगावच्या कुणाची तरी चौकट ठोकत होतो.
हात खिशातच ठेवून म्हणाला,
"भाऊ, गिटार बनवशीन का गा? मोठीवाली, चार तारांची. बेस."
मग हात काढला.
मागच्या दिवाळीत धानाच्या थ्रेशरनं
डाव्याची दोन बोटं नेली.
वाजवायचा तो वडशाच्या नाटक कंपनीत,
ढोलकीवाल्याच्या मागे, जिथं उजेड पोचत नाही.
"आता उजव्यानं दाबीन, डाव्यानं छेडीन.
उलटी पाह्यजे. दुकानात उलटी भेटत नाई."

मी आजवर दारं केली, पाट, पाळणे,
बंड्यांच्या धुऱ्या, एकदा सरपंचाला फिरती खुर्ची.
आवाज कधी केला नव्हता.

माळ्यावर शिवणीची फळी होती,
अकरा उन्हाळे वाळलेली.
बोट आपटलं की आतून कुणी ओ द्यावी तशी.
मानेला साग, शाळेच्या लिलावातला,
खिळ्यांची भोकं बुजवून.
आणि मानेवरची पाटी तेंदूची.
तेंदूचं पान ठाऊक नाही असा माणूस इकडे नाही,
त्याच्या पोटातलं काळं मात्र कुणी बघत नाही.
रंधा मारला
तर कोळसा निघाला, आणि पात्याची धार गेली.

उरकुडे सरांनी हिशेब दिला:
आठशे चौसष्ट मिलिमीटर
भागिले सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांश,
उरेल त्याला पुन्हा तेवढ्यानंच.
पहिली पट्टी साडेअठ्ठेचाळीसवर.
बाराव्या पट्टीला बरोब्बर अर्धं.
"असं काहून?" विचारलं, तर म्हणाले,
"कान भागाकार करतो, सुतारदादा.
त्याला ते माहीत नसते."

बेबीनंदा विहिरीवरच्या मोटारी भरते.
जुन्या वीजमीटरच्या पोटातून तिनं
केसाहून बारीक तार सोडवली,
शिलाई मशीनवर गुंडाळायला घेतली.
आठ हजार फेरे.
पाच हजार तीनशेला तुटली.
शिवी दिली नाही. चहा केला,
आणि एकपासून मोजू लागली.
तिसऱ्या दिवशी काडेपेटीएवढी वस्तू हातावर ठेवली:
"पाणी नाई काढणार. पण ऐकते."

तारा नागपूरहून एस.टी.च्या पार्सलानं आल्या.
पळसावरची लाख मी चिंधीनं चढवली,
वाळू दिली, घासली, चढवली.

रात्री साडेदहाला लाइन आली.
डेकोरेशनवाल्याचा अँप्लिफायर,
आणि त्यातून नुसती भुणभुण, जशी भिंतीत भुंग्यांची वस्ती.
लोमेश माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.
बेबीनंदानं एक उघडी तार
पुलाखाली सरकवली, स्क्रू आवळला,
आणि अर्थ लागला.

मग त्यानं जाड तार छेडली.
बाकावरचा भुसा बोटभर सरकला.
दुसरी छेडली तर
खुंटीवरची मोठी करवत आपसूक गुणगुणायला लागली.
एवढी वर्षं तिथं लटकत होती,
मला काही बोलली नव्हती.

फक्त सातव्या पट्टीवर, बारीक तारेला,
सूर धरेना. उठायचा आणि विझायचा.
दोन दिवस ठोकलं, घासलं. नाही.
"राहू दे भाऊ," लोमेश म्हणाला,
"तिथं मी जास्त थांबत नाई."

माघात कुरूडला नाटक होतं.
मी गेलो नाही, कंबर धरली होती.
दोनच्या सुमारास जाग आली.
धानाच्या धसकटांवरून एवढ्या लांब
नायकाचं रडणं येत नव्हतं, बाईंचं गाणं येत नव्हतं,
टाळ्याही नाहीत.
येत होता तो एकटाच,
जमिनीतून, खाटेच्या खुरांतून, पोटरीत.
मी पडल्यापडल्या पट्ट्या मोजू लागलो.
तीन. पाच. पाच. तीन.
मग तो सातवर गेला
आणि थांबला.
मुद्दाम. बोट न उचलता,
सूर विझून पलीकडे बराच वेळ.

घरातली म्हणाली, "झोप ना. काय ऐकून राहिला?"
काही नाही, म्हणालो.
आणि खरंच, त्या घडीला
काही नव्हतंच ऐकू येत.