मूलद्रव्य : दहा गुण

पहाटे तीन चाळीसला रावळी कॅम्पच्या उतारावर
मी रस्त्यातलं झाकण उचलतो,
टी आकाराची चावी आत सोडतो
आणि मोजून एकोणीस आटे फिरवतो.
विसावा फिरला तर खालची गल्ली फुगते
आणि वर टेकडीवर नुसतं गुरगुरणं पोचतं.

तत्त्वज्ञानाचा पेपर मी बाहेरून देतोय.
झाकणाशेजारी बसून, मोबाइलच्या उजेडात वाचतो :
मिलेटस नावाच्या बंदरात
अडीच हजार वर्षांपूर्वी एक माणूस म्हणाला,
सगळं मुळात पाणी आहे.
मी पान दुमडलं.
म्हटलं, बाबा, पटलं.
पण तुला ते पंचेचाळीस मिनिटांत वाटायचं नव्हतं.

त्याच गावचा दुसरा : पाणी कसलं, हवा.
त्याचंही खोटं नाही.
नळाला आधी हवाच येते.
खोकते, फुरफुरते, मीटरचा काटा गरगरा फिरवते
आणि खरटमल मावशी कळशी धरून
त्या मूलद्रव्याला आईवरून शिव्या देते.
हवेचंही बिल येतं हो.

एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही
म्हणणारा एक होता.
त्याला मिठी दाखवायला हवी.
एकदा तरी घालून दाखव म्हणावं.

मग तो एक, ज्याच्यापाशी मी अडलो.
म्हणे, जे आहे ते आहे.
जे नाही ते नाहीच,
त्याचा विचारसुद्धा करता येत नाही.

गेल्या मे महिन्यात मोठी लाइन फुटली, तीन दिवस.
दर्ग्यापासून रेशनच्या दुकानापर्यंत
कॅन, हंडे, रंगाचे डबे,
प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव : निसार, बेबी, खोली ११, अण्णादुराई.
माणसं नव्हती, कामावर गेली होती.
पाणी नव्हतं.
मधूनच कुणीतरी येऊन
आपलं 'नाही' वीतभर पुढे सरकवून जायचं.

हे मी उत्तरात लिहिलं.
जगाचं मूलद्रव्य कोणतं, सकारण लिहा, गुण दहा.
चार मिळाले. बाजूला लाल शाईत : विषयांतर.

एक मात्र लिहायचं राहिलं.
अब्देरा गावचा तो, ज्याने सांगितलं
की फक्त बारीक कण आहेत आणि मोकळी जागा,
आणि जागा नसती तर काही हललंच नसतं,
तो वाचला त्या रात्री मी चावीची मूठ नीट पाहिली.
ही माझ्या आधी वडिलांकडे होती. सत्तावीस वर्षं.
उजवीकडे लोखंड झिजून खळगा पडलाय,
त्यांचा तळवा बरोबर बसेल असा.
माझा बसत नाही, माझा हात लहान.

तिथलं लोखंड कुठे गेलं?
थोडं गटारात. थोडं शर्टाला,
आई रविवारी घासायची त्या डागात.
थोडं नक्की भाकरीबरोबर पोटात,
कारण ते हात न धुता जेवायचे,
हसून म्हणायचे, दिवसभर पाण्यातच होता की हात.

चार पंचवीस.
आता उलटे एकोणीस.
सतरा. अठरा.
खाली पाइपात पाणी बारीक होत जातं, शिट्टीसारखं,
आणि मी इथे जरासा थांबतो
(साहेबांना माहीत नाही),
कुणाची तरी कळशी गळ्यापर्यंत आलेली असणार.